सगळ्यात लहान माप

"यालाही वास आहे," वुकाशिन म्हणाला आणि त्यानं ते पाकीट परत फळीवर ठेवलं.

प्रसूतिगृहासमोरच्या त्या दुकानात रुझित्साबाईंची उभी हयात गेली होती. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी सुताचा धागाही घरात आणायचा नाही, अशी तिकडची रीत. त्यामुळे सगळे बाप पहिल्याच दिवशी येत, घामाघूम, ब्रँडीच्या वासाचे, आणि हाताला येईल ते पाकीट उचलून पळत. हा मात्र एकेक डायपरचं पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचत होता.

"पोरा, तुला नेमकं हवंय तरी काय?"

"वास नको, मलम नको, चित्र नको. क्लोरीन लावून पांढरे केलेले नकोत."

"एवढं कुणी सांगितलं?"

"आतल्या नर्सनं. म्हणाली, कातडी अजून सायीसारखी आहे. जे लागेल ते थेट अंगात उतरेल."

रुझित्साबाईंचा हात थांबला. "वजन किती भरलं?"

"किलोच्या आत."

अभिनंदनाचे शब्द त्यांनी तोंडातच ठेवले. मागच्या खोलीत जाऊन त्या एक लहानसं पाकीट घेऊन आल्या. ते फोडून एक डायपर त्यांनी काउंटरवर उलगडला. साधा, पिवळसर, काही न छापलेला. "ओलं झालं की निळी होणारी रेघसुद्धा नाही यात. तिच्यातही रंगच असतो. याहून साधं माझ्याकडे काही नाही, आणि याहून लहानही नाही."

वुकाशिननं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. वर्कशॉपच्या ग्रीसचा वास सकाळपासून घासूनही गेला नव्हता. आत त्याला बाळाला हात लावू दिला नव्हता. त्याची बायको, दुन्या, अजून शुद्धीवर आली नव्हती. डायपर घेऊन या, एवढं एकच काम त्याला सांगितलं होतं, आणि ते त्याला चुकू द्यायचं नव्हतं.

दार धाडकन उघडलं.

"सापडला! अरे कूम, अख्खं गाव पालथं घातलं तुझ्यासाठी!"

स्वेतोझार. वुकाशिनच्या लग्नात तो त्याचा साक्षीदार होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नसत, कूमच म्हणत. बाहेर गाडीत वर्कशॉपमधली मंडळी हॉर्नवर हात दाबून बसली होती. सकाळी वुकाशिननं सगळ्यांना फोनवर दोनच शब्द पाठवले होते: मुलगी झाली. पुढचं त्याला लिहिता आलं नव्हतं.

"मुलगी! संपलास तू. आधी बायको ऐकत नव्हती, आता ही पण ऐकणार नाही!" स्वेतोझारनं त्याच्या पाठीत थाप मारली. "आणि वाचतोयस काय? घे की कुठलंही. आपल्या ढुंगणांना आजीच्या जुन्या चादरी पुरल्या. काय झालं आपल्याला?"

"जरा दमानं घ्या हो," रुझित्साबाई म्हणाल्या. वुकाशिननं त्यांच्याकडे पाहिलं. त्या फळीवरची पाकिटं सरळ करू लागल्या.

"दमानं कसलं, मावशी? बाप झालाय तो, आणि शर्ट अजून धड!" मूल झालं की बापाचा शर्ट मित्रांनी फाडायचा, हीही तिकडची रीत. स्वेतोझारनं दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली. "जेवढ्या चिंध्या, तेवढी पोरगी दणकट!"

वुकाशिनला त्याचे हात धरता आले असते. मग का धरले तेही सांगावं लागलं असतं. शिवाय दणकट म्हणाला होता तो. वुकाशिननं आपले हात बाजूला केले आणि तो तसाच उभा राहिला.

शर्ट गळ्यापासून खालपर्यंत टर्रकन फाटला. बटणं फरशीवर उडाली. मग एक बाही गेली. बाहेरून शिट्ट्या आल्या.

धापा टाकत, हसत स्वेतोझार काउंटरवर रेलला. समोर डायपर होता. त्यानं तो तळहातावर ठेवला. कडेनं त्याची बोटं बाहेर राहिली.

"हे काय, कूम? बाहुलीला घेतलंस?"

कुणी हसलं नाही. रुझित्साबाई दुकानाच्या काचेकडे बघत होत्या. स्वेतोझारनं हातातल्या वस्तूकडे पाहिलं, मग वुकाशिनकडे, आणि ती दोन बोटांनी अलगद काउंटरवर ठेवली.

"कशी आहे ती?"

"काचेच्या पेटीत आहे. मशीन श्वास देतंय."

"गाढवा, मग बोलला का नाहीस? मी इथं—" त्यानं फाटक्या शर्टाच्या दोन्ही कडा धरून वुकाशिनच्या छातीवर एकत्र आणल्या. त्या पुरेनात. तरी त्यानं तशाच धरून ठेवल्या. बाहेर हॉर्न वाजत होता.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाप्तिस्मा करायचा असेल तर उद्यावर टाकू नका," वुकाशिन म्हणाला. "पाद्री निघालाय. तुला आत यावं लागेल."

स्वेतोझारच्या हातातून शर्टाच्या कडा सुटल्या. बाप्तिस्म्याला बाळाला हातात घ्यायचं ते कूमनं आणि नाव ठेवायचं तेही कूमनंच. आईबापांनी त्यात बोलायचं नसतं.

"माझ्या काही डोक्यातच नाही रे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला वाटलं, अजून वेळ आहे. तूच सांग. तुला कुठलं आवडेल?"

"तूच ठेवायचं." वुकाशिननं पाकीट उचलून बगलेत धरलं. "फक्त लाडाचं, छोटं ठेवू नकोस. मोठं ठेव. मोठ्या बाईचं असतं तसं."