सतरा नंबर

“मानवजातीचं भवितव्य आज सतरा नंबरच्या हातात आहे!” डॉक्टरांनी फोनवर जाहीर केलं.

पलीकडे पशुसंवर्धन खात्याच्या संचालकबाई होत्या, एके काळच्या डॉक्टरांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी अदबीने विचारलं, “सतरा नंबर म्हणजे कोण, सर?”

“कोंबडी.”



शेजारच्या पोल्ट्रीत साथ आली होती. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी पाचच्या आत नष्ट करा, असा हुकूम सुटला होता. डॉक्टरांची प्रयोगशाळा पोल्ट्रीपासून आठशे मीटरवर. ते टेप घेऊन दोनदा मोजून आले होते. दुसऱ्यांदा आठशे चार भरले, एवढीच काय ती कमाई.

“एका पक्ष्याला सूट द्या. फक्त एकाला.”

“साथीच्या नियमावलीचं कलम नऊ, सर. कोणत्याही सबबीवर सूट नाही.”

“कुठल्या गाढवाने लिहिलंय ते?”

“तुम्ही, सर. परीक्षेतही विचारायचात. संशोधनाला सूट असावी असं मी लिहिलं होतं, तर शून्य दिलात.”

डॉक्टरांनी फोन ठेवला.

औषधाचा थेंबही न घेता साथीला पुरून उरेल अशी कोंबडी तयार करायची, म्हणजे तिच्या अंड्यातून माणसाच्या पोटात औषध जायला नको, या एका ध्यासात त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यातली पहिली सोळा वर्षं कोंबड्यांनी माना टाकण्यात गेली. एकदा तर अख्खी तुकडी आडवी झाली आणि डॉक्टरांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खुराडं सांभाळणारे मामा धापा टाकत आले. “साहेब, एक वाचली! सतरा नंबर!”

तेव्हापासून सहा वर्षांत सहा वेळा डॉक्टरांनी खुराड्यात रोग सोडला. दर वेळी बाकीच्या कोंबड्या पटापट पडत. मामा दोन दिवस खुराडं धुऊन काढत आणि तिसऱ्या दिवशी सतरा नंबर काहीच न झाल्यासारखी दाणे टिपताना दिसे.

दिसे म्हणजे काचेतून. कोंबडीच्या पिसाने डॉक्टरांना शिंका येत. त्यामुळे ते बाहेर दुर्बीण लावून बसत आणि पायातल्या पिवळ्या कडीवरचा सतरा आकडा बघून वहीत टिपण करत. रक्त मामाच काढून आणत. त्या रक्तात रोगाची खूणसुद्धा सापडत नसे. त्यावर डॉक्टरांनी ‘मूक प्रतिकार’ नावाचा सिद्धांत मांडला. तो दोन परिषदांत गाजला, पण दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत तसा प्रयोग कुणाला जमला नाही.

“आणि वय म्हणून दिसत नाही हो तिच्या अंगावर,” ते घरी कौतुकाने सांगत.

“मग थोडं रक्त माझ्या गुडघ्यांनाही आणा,” बायको म्हणे.

साडेचारला पांढऱ्या पोशाखातली माणसं पोती घेऊन आली. डॉक्टर नाकाला रुमाल लावून खुराड्याच्या दारात आडवे उभे राहिले.

“हे बघा, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय...” पुढचं वाक्य सात शिंकांत वाहून गेलं. त्यातल्या मुकादमाने त्यांना दंडाला धरून अलगद बाजूला केलं आणि वर “काळजी घ्या, आजोबा” म्हणाला.

डॉक्टर काचेसमोरच्या खुर्चीत येऊन बसले. दुर्बीण गळ्यात होती, पण ती डोळ्यांना लावायचं धैर्य होईना. आत फडफड झाली, मग थांबली.

मामांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. डॉक्टरांनी तो न बघताच तोंडाला लावला आणि अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

“संपलं, मामा. बावीस वर्षं गेली. अशी कोंबडी आता पुन्हा होणे नाही.”

“असं काय मनाला लावून घेता, साहेब? होईल की.” मामांनी खांद्यावरच्या पंच्याने त्यांचा शर्ट टिपला. मग जरा घुटमळले. “फक्त एक करा. त्या लोकांना सांगून तेवढी पायातली कडी काढून घ्या. दर वेळी नव्या कोंबडीला मी तीच घालतो.”