विजेरत्न सरांची पाळी

वाडग्यातली भिशीची चिठ्ठी उलगडून विजेरत्न सर म्हणाले, "विजेरत्न!" आणि ती मुठीत चुरगळली. तिच्यावर नाव कोणाचं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. ग्रंथालयातला पियल ओरडला, "आता पार्टी, सर! नुसत्या चहावर कटवू नका."

सर हसले. पाठीला घाम फुटला होता. कँडी शहरातल्या बँकेत बायकोच्या, कुसुमाच्या, बांगड्या गहाण होत्या. शनिवारी त्यांचा लिलाव होता. कुसुमाला वाटत होतं, त्या लॉकरमध्ये सुखरूप आहेत. भिशी आज लागली तरच त्या सुटणार होत्या.

दरवर्षी वर्गात सर बजावत, "पोरांनो, कुणाला जामीन राहू नका." आणि स्वतःच जामीन राहिले होते. लाडका विद्यार्थी डॉक्टरेटला परदेशी गेला. परत येऊन इथेच शिकवीन, असं विद्यापीठाला लिहून देऊन गेला. तो आलाच नाही. त्याची भरपाई आता सरांच्या पगारातून कापली जात होती.

नड सांगितली की पाळी द्यायची, ही भिशीची रीतच होती. पण सांगायची कोणत्या तोंडाने?

पियलने वाडगा पालथा केला. उरलेल्या चिठ्ठ्या उलगडत तो मोठ्याने वाचू लागला. "विजेरत्न. विजेरत्न. हीसुद्धा विजेरत्न!"

सर बघतच राहिले.

"पगार माझ्याच हातून निघतो ना, सर," पगार विभागातल्या सोमलताबाई म्हणाल्या. "तुम्ही काही मागणार नाही. म्हणून सगळ्यांनी तुमचंच नाव लिहिलं."

सरांचा चेहरा उतरला. ज्यांना आपण लुबाडायला निघालो, त्यांनी आधीच ओंजळ भरून ठेवली होती. पण मुठीतल्या चिठ्ठीवरही आपलंच नाव असणार. मग चोरी कुणाला कळणार? त्यांनी आवाज सावरला.

"तरीच! चिठ्ठीवर माझं नाव वाचलं, तेव्हा मलाही नवल वाटलं."

पियल बशा मांडू लागला. सोमलताबाई जवळ आल्या, पर्स उघडली आणि अगदी हळू म्हणाल्या, "हा घ्या तुमचा चष्मा, सर. सकाळपासून माझ्या टेबलावर राहिला होता."