टोपीवालीचा हट्ट

"बालगृहात आज आपण जाणार नाही," गाईड बसमध्ये उभी राहून म्हणाली. "म्हणजे, तुम्ही सगळे हो म्हणालात तर."

बस तळ्याकाठी थांबली होती. ड्रायव्हरमामांनी इंजिन बंद केलं आणि आरशातून मागे बघितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असलं काही त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

वर्षभर गाईड दर आठवड्याला पाहुण्यांना त्या बालगृहात नेत होती. मुलं ओळीत उभी राहून गाणं म्हणत. पाहुणे त्यांना कडेवर घेऊन फोटो काढत, डोळे पुसत आणि बसमध्ये येऊन बसत. मागच्या खेपेला एका चिमुरड्यानं एका बाईंचा हात सोडलाच नाही. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि ती सोडवली गाईडनंच. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

तिनं सहल कंपनीच्या मालकांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "पाहुणेच नको म्हणाले तर वगळ. पण एकानं जरी तक्रार केली, तर गाडी त्या फाटकातून आत गेलीच पाहिजे."

"मुलं म्हणजे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे," ती आता सांगत होती. "आपण तासभर लाड करतो आणि निघून येतो. त्यांनी किती जणांचा लळा लावून घ्यायचा? त्यापेक्षा कुंभारांच्या वस्तीत जाऊ. त्यांनी आपणहून बोलावलंय."

"अगदी बरोबर," निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले की पोरांचे चेहरे बघवायचे नाहीत."

नव्या जोडप्यानं एकमेकांकडे बघून मान डोलावली. सकाळपासून ते प्रत्येक गोष्टीला एकमेकांकडे बघूनच मान डोलावत होते.

"मला बालगृहच बघायचंय."

आवाज शेवटच्या बाकावरून आला. टोपीवाली! सकाळपासून या बाईनं ना तळं धड बघितलं होतं, ना किल्ला. डोक्यावर रुंद काठाची कोरी टोपी, तिला किमतीची चिठ्ठी अजून लोंबतेय. डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा, तो बसमधल्या सावलीतही उतरत नव्हता. हौसेला मोल नाही, असं म्हणून गाईडनं तिकडे दुर्लक्ष केलं होतं.

"ताई, मी आत्ता काय सांगितलं..."

"ऐकलं मी. पण कार्यक्रमात आहे ना? मग जायचं."

"एवढीच इच्छा असेल तर उद्या रिक्षा करून एकट्या जाऊन या."

"एकटीला फाटक उघडत नाहीत."

म्हणजे बाईसाहेब आधीच चक्कर मारून आल्या होत्या! गाईडनं कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

"बरं, मग या सगळ्यांना वस्तीत उतरवते आणि तुम्हाला मामा घेऊन जातील."

"नाही. सगळ्यांनीच यायचं." टोपीवाली नव्या नवऱ्याकडे वळली. "तुमच्या मोबाइलवर व्हिडिओ नीट येतो ना हो?"

"अहो, त्या लेकरांना काय वाटेल, याचा तरी विचार करा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

टोपीवाली म्हणाली, "लेकरांना काय वाटतं, ते त्यांनाच विचारू या की."

पालथ्या घड्यावर पाणी. गाईड खाली बसली आणि मामांनी गाडी सुरू केली.

कंपनीची बस दिसताच वॉचमननं फाटक सताड उघडलं. व्यवस्थापक हात जोडून पुढे आले. या माणसाच्या तोंडात कायम साखर घोळत असे.

"या, या! या मुलांना जगात कुणी नाही हो. तुम्हीच आई, तुम्हीच बाप. म्हणून तर आम्ही शिकवलंय, आलेल्या प्रत्येक बाईला आईच म्हणायचं."

"नमस्कार, आई!" ओळीतली मुलं एका सुरात ओरडली.

गाईडला स्वतःचीच लाज वाटली. आजपासून हे बंद, मग नोकरी राहो नाहीतर जावो, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

"फोटो नाही, व्हिडिओ नाही," ती पाहुण्यांना म्हणाली. "कुणी मुलांना हात लावायचा नाही." व्यवस्थापकांनी भुवया उंचावल्या. नव्या नवऱ्यानं ओशाळून मोबाइल छातीशी धरला. गडबडीत चालू व्हिडिओ बंद करायला मात्र विसरला.

गाणं सुरू झालं. टोपीवाली ओळीच्या एका टोकापासून निघाली. बाजारात भाजी निवडावी तशी एकेक चेहरा निरखत ती पुढे सरकत होती. बघणाऱ्यांना कसंसंच झालं. ओळीच्या शेवटी समोरचे दात पडलेली एक लहानगी छताकडे बघत गात होती. टोपीवाली तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

आता मात्र गाईडचा संयम सुटला. ती धावत गेली आणि दोघींच्या मधे उभी राहिली.

"नाही! तुम्ही निघून जाल, आणि ही दिवसभर फाटकाकडे डोळे लावून बसेल. आज मी कुणालाही हात लावू देणार नाही."

"नाही लावत," टोपीवाली म्हणाली. तिनं टोपी काढली, चष्मा काढला.

दात पडलेली मुलगी गाता गाता थांबली. तिनं गाईडच्या अंगाआडून डोकं बाहेर काढलं.

"आई, आपल्या कोंबडीची पिल्लं निघाली का गं?" तिनं विचारलं. "आणि बाबा कुठायत? बसमध्ये?"