खातं जोडणार नाही!

"खातं जोडणार नाही म्हणजे नाही!" आमचा कप्तान श्रीरंग टपरीवर चहाचा ग्लास आपटत गरजला. आम्ही मोबाइलवर टीम करून खेळायचो त्या गेमच्या कंपनीने फर्मान काढलं होतं: टोपणनावाने खेळणं बंद, खऱ्या नावाचं खातं जोडा. आम्ही सहाही जणांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली आणि गेमला एकेक स्टार देऊन खाली यथेच्छ शिव्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खातं जोडलं. खेळायला नव्हे हां, कोण फितूर झालंय ते बघायला.

स्क्रीनवर आमच्यातल्या बाकी पाचही जणांची खरी नावं ऑनलाइन, हिरवीगार चमकत होती. सगळ्यात वर श्रीरंग.

मी खवळून काही लिहिणार, तेवढ्यात त्याचाच मेसेज आला, "सापडलास ना, गद्दारा! आता ये लवकर, एक भिडू कमी पडतोय."