तेल संपेपर्यंत

“बाबा, हा शाळेत जायला लागेल तरी तुम्ही पिंजऱ्यातच!” बाळाला खांद्यावर घेऊन सुलभा दुहेरी कुंपणापलीकडून मार्तंडरावांना म्हणाली.

तेलडेपोखाली जमिनीत झिरपलेल्या पेट्रोलवर तेलखाऊ जंतू सोडले, तेव्हा मार्तंडराव आवारातच होते. जंतू त्यांच्या कातडीत शिरले. ते बाहेर पडले असते, तर जंतूंनी दवाखान्याच्या जनरेटरचं डिझेलही फस्त केलं असतं. जमिनीतलं तेल संपलं की कातडीतले जंतूही उपाशी मरणार आणि फाटक उघडणार. तोवर बोअरचं पाणी तपासायचं काम त्यांचंच.

आज नातवाकडे बघण्याच्या नादात ते बोअरमधलं साचलेलं पाणी आधी उपसायला विसरले. वरचंच पाणी त्यांनी फाटकाला जोडलेल्या यंत्रात ओतलं. पेट्रोलचा आकडा आला शून्य. दिवा हिरवा झाला, फाटक करकरत उघडलं.

“या ना, बाबा!” सुलभा रडत पुढे धावली.

“तिथंच थांब, पोरी!”

साचलेल्या पाण्यातून पेट्रोल उडून जातं, हे त्यांना आठवलं होतं. सुलभा जागीच खिळली. त्यांनी बोअर उपसला, खालचं ताजं पाणी यंत्रात ओतलं. आकडा चढला, फाटक मिटलं.

लाल दिवा बघून बाळ खुदकन हसलं.