तुझं की त्याचं?

"तुझं की त्याचं?" आईने न्हाणीघरातून ओरडून विचारलं.

फाइटनंतरच्या दर सकाळी हाच प्रश्न. मुलगा बॉक्सर. रिंगमध्ये उतरताना अंगात पांढराशुभ्र रेशमी झगा, पाठीवर लाल दोऱ्याने भरलेलं टोपणनाव: तोफ. झगा आईनेच शिवलेला, धुवायचीही तीच. लॉन्ड्रीवाल्याच्या हातात देईल तर शपथ! रक्त मुलाचं असलं की डाग काढताना तिचे डोळे भरून यायचे. समोरच्याचं असलं की ती गाणं गुणगुणायची. आईच ती, तिला कोण काय बोलणार?

"त्याचं," मुलगा स्वयंपाकघरातून म्हणाला. मनगटांपर्यंत दोन्ही हात बर्फाच्या पातेल्यात बुडवून तो बसला होता. एक डोळा सुजून बंद झाला होता.

आईने गुणगुणत टबात गार पाणी सोडलं. रक्ताला गरम पाणी दाखवलं की ते रेशमात घरच करून बसतं. गार पाणी, चिमूटभर मीठ, लहान बाळांचा शाम्पू. घासायचं नाही आणि पिळायचं तर मुळीच नाही. डाग छातीवर होता, चांगला तळहाताएवढा. काल सहाव्या राउंडला तोफेने समोरच्या पोराला दोरांवर दाबून कानशिलावर ठोसे घातले. चार, पाच, सात. पोराचे हात खाली आले तरी हा थांबेना. थांबेल कसा? पहिल्या रांगेत आई खुर्चीवर चढून किंचाळत होती, "सोडू नको त्याला! घाल अजून!" जिंकल्यावर झगा अंगावर चढला आणि तोफ त्या पडलेल्या पोराला उठवायला वाकला. पोराने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि भडाभडा रक्त ओकलं.

फोन वाजला. मुलाचे हात बर्फात, म्हणून आईनेच उचलला. कोच होता. तिने ऐकून घेतलं, फोन ओट्यावर ठेवला आणि पदराला हात पुसत राहिली.

"काय म्हणतात?"

"गेलं ते पोर. पहाटे."

मुलाने पातेलं उचलून भिंतीवर मारलं. बर्फ घरभर उडाला. मग त्याने भिंतीलाच ठोसे घालायला सुरुवात केली. बोटांची सालटी निघाली तरी थांबेना.

"थांब रे! हात मोडशील!"

"आता थांब म्हणतेस? काल कोण ओरडत होतं?"

"मी नुसती ओरडले. मारलं कुणी?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच चर्र झालं. ती न्हाणीघरात पळाली, गुडघ्यांवर बसली आणि धुवत सुटली. आता गुणगुणणं नव्हतं. एक पाणी गुलाबी झालं, ते मोरीत ओतलं. दुसरं ओतलं. तिसरं. शिवणीत जरा कुठे तांबूस दिसलं की नखाने हळूच टोकरायची. शेवटच्या पाण्यात व्हिनेगरचे दोन थेंब टाकून तिने झगा वर धरला. काही म्हणता काही राहिलं नव्हतं. तिला तेवढाच जरा श्वास आला.

दार वाजलं, ते मुलाने उघडलं. दारात एक बाई. कालच्याच कपड्यांत, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. काल ती पहिल्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. गेलेल्या पोराची आई.

बाई थेट त्याच्या अंगावर गेली. दोन्ही मुठींनी तिने त्याच्या छातीवर मारलं, तोंडावर मारलं, सुजलेल्या डोळ्यावर मारलं. डोळ्यातून रक्त आलं. तोफेने हात वर केले नाहीत. नुसता उभा राहिला, खांबासारखा.

आई धावत आली. तिने बाईचं मनगट धरून पिरगाळलं. "खबरदार! माझ्या पोराला हात लावाल तर!"

तिचेच शब्द तिच्या कानावर पडले. आईची पकड आपोआप सुटली.

"मारायला नव्हते आले मी," बाई धापा टाकत म्हणाली. "हात गेला. काल ओरडत होता ते तुम्हीच ना?"

आईने मान खाली घातली.

"असू दे. मीपण ओरडतच होते." बाईने मनगट चोळलं. "झगा न्यायला आलेय. शेवटी माझं बाळ त्यावरच टेकलं होतं. दवाखान्यात त्याचे कपडे कात्रीने कापले, फेकूनही दिले. माझ्याकडे काही म्हणजे काही राहिलं नाही. एवढं त्याचं रक्त तरी त्याच्याबरोबर जाऊ दे."

आई ओले हात पदरात लपवू लागली. तिने न्हाणीघराकडे पाहिलं. बाई तिला ओलांडून आत गेली.

टबाच्या काठावर झगा निथळत होता. बाईने तो दोन्ही हातांत घेतला. छातीवर पाहिलं. मग कॉलर उलटी केली, बाह्या पाहिल्या, शिवणी उलगडून एकेक टाका पाहिला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. दारात दोघं मायलेक उभे होते. मुलाच्या डोळ्यातलं रक्त गालावरून ओघळत होतं, ते पुसायचं आईला सुचलं नाही.

बाईने झग्याची नीट घडी घातली आणि आईच्या हातात परत दिली.

"किती स्वच्छ धुता हो तुम्ही," ती म्हणाली.