वाखाची पारख

तागाची पहिली पेंडी पाण्याबाहेर आली आणि शेजारणीच्या हातातच तिचा लगदा झाला. तिने बुंध्याकडून साल ओढली. हातभर लांब, चकचकीत धाग्यांचा वाख निघायला हवा होता. निघाली वीतभर काळी चिंधी, तीही दोन बोटांत तुटली.

गुडघाभर पाण्यात सात घरांची माणसं उभी होती. सगळ्यांचा वर्षाचा ताग त्या एकाच तळ्यात, दगडांखाली भिजत होता. लवकर काढला तर वाख काडीला चिकटून बसतो, एखाददोन दिवस जास्त झाले तर सडतो. नेमका दिवस आबा सांगायचे. पाण्यात हात घालून, न बघता, ते अंगठ्याने बुंधा दाबायचे आणि म्हणायचे, "काढा." त्याआधी कोणी स्वतःच्या पेंडीलासुद्धा हात लावायचा नाही.

भिजत घातल्याच्या पंधराव्या दिवशी आबांच्या सुनेने हात लावला होता. साल सरसर सुटली. "आबा, झालाय ताग," ती म्हणाली. आबांनी अंगठ्याने दाबून बघितलं. "अजून घट्ट आहे." मग ती नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, "आबांचा हात आहे तो. आता तू त्यांना शिकवणार?" तिने पेंडी पुन्हा दगडाखाली सारली. आज, एकोणिसाव्या दिवशी, व्यापाऱ्याची गाडी आल्यावर आबा म्हणाले होते, "काढा."

काठावर व्यापारी गाडी घेऊन उभा होता. दोरखंडाच्या कारखान्यासाठी तो दरवर्षी इथलाच वाख उचलायचा. त्याने ती चिंधी हुंगली आणि टाकून दिली.

"शेतात पसरा," तो समजुतीने म्हणाला. "खत उत्तम होईल. तागाचं काही म्हणता काही वाया जात नाही."

हे बोलणं मुळात आबांचं. सालीचे दोर, गोणपाट, जाळी, काडीचं सरपण, पाल्याचं खत. ते तागाचं कौतुक सांगायला बसले की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. आज ते पाण्यात उभे होते. वाकून ते एकामागून एक काडी दाबत होते.

सून त्यांच्याजवळ गेली. काडीची एक अणकुचीदार ढलपी त्यांच्या अंगठ्यात आरपार रुतली होती.

"आबा, रक्त येतंय."

"कुठे?"

तिने त्यांचा हात धरून वर केला. दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"हाताला काहीच लागत नव्हतं गं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, साल सुटलीच नाही."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला स्वतःचा. पंधराव्या दिवशी आपण तळ्याच्या काठावर उभं राहून बोंब का मारली नाही?

"आबा, आमची खालची पेंडी तरी बघा," शेजारीण काडी घेऊन आली. "वरचीच सडली असेल. तुम्ही सांगाल ते खरं."

आबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "हिला विचार. हिला कळतं."

सुनेने काडी घेतली. दाबायची गरजच नव्हती.

"गेला, काकू."

शेजारणीच्या मागे दुसरा उभा होता, त्याच्यामागे तिसरी. प्रत्येकाला आपल्या हातातलं दिसत होतं, तरी प्रत्येक जण काडी पुढे करत होता. "गेला, दादा." "तुमचाही गेला." चार दिवसांपूर्वी तिचं बोलणं घरातसुद्धा कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता सगळं तळं कान देऊन ऐकत होतं आणि तिच्याजवळ सांगायला एकच शब्द होता.

सगळ्यात शेवटी नवरा आला. त्याने काडी तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "आणि आपला?"